न्हाणीमागची लिंबोणी

आमच्या न्हाणीमागं एक लिंबोणी होती. लग्नाच्या साली ह्यांनी ती लावली, आणि "मी येईस्तवर लिंबं लागतील" असं सासूबाईंना सांगून हे लढाईवर गेले. झाड बघता बघता छपराला टेकलं. हिरवंगार, काटेरी, पण फुलायचं नाव नाही.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कारण ठाऊक होतं. आमचं वडूजकडचं गाव कोरडवाहू, पण विहिरीवरच्या बागा त्यांनी पाहिलेल्या. "लिंबाला ताण द्याया लागतो. म्हयनाभर पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडायचं. आयतं पाणी पिऊन माजलीय नुसती," ते म्हणायचे. थंडी पडली की ते न्हाणीच्या नालीला मातीचा गोळा लावून पाणी अडवत, आणि दुसऱ्या सकाळी सासूबाई तो काढून टाकत. चोरून नव्हे, चांगलं बोलून दाखवत.

"आवं, पोरगं परमुलखात. त्येला पाणी मिळतंय का न्हाई कुणाला ठावं. आन त्येचं झाड मी हितं तहानेनं मारू व्हय?"

मामंजी कपाळाला हात लावत. मला हसू येई आणि पाठोपाठ रडूही.

मग तार आली. हे ब्रह्मदेशात बेपत्ता झाले होते. जिवंत की मेलेले, ते सरकारलाही सांगता येत नव्हतं. शेजारच्या बायका येऊन बसत, माझ्या कुंकवाकडे बघत आणि उठून जात. त्या बघण्याचा मला लय संताप यायचा. कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे विचारायची माझी छाती होत नव्हती.

तार आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच नाली बुजवली आणि न्हाणीमागं जाणं सोडलं. लिंबोणीची पानं पिवळी पडून गळली, नुसते काटे उरले. पौष सरता सरता मला ते बघवेना, म्हणून मीच गोळा फोडला. मामंजींनी पाहिलं आणि पाटीभर शेणखत आणून टाकलं.

माघात झाड फुललं. वास घरात आला तशा सासूबाई मागं गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "पोरी, त्यो जित्ता हाय! बघ, झाडानं सांगितलं!" धावत येऊन त्यांनी करंडा काढला आणि माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. "ह्ये पुसाया सांगंल त्येची जीभ हासडीन!"

मी मामंजींकडे पाहिलं. झाड का फुललं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचे ओठ हलले, पण ते खाली मान घालून दावं वळत राहिले.

लिंबं मोप आली. सासूबाईंनी लोणच्याची एक बरणी ह्यांच्यासाठी फडकं बांधून फळीवर ठेवली. लढाई संपली, गावचे शिपाई परतले. हे आले नाहीत. सासूबाईंची वाट बघणं थांबलं नाही, आणि मी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून कुंकू लावत राहिले.

लढाई संपल्यावर तिसऱ्या वर्षी त्या गेल्या. त्यांना पोचवून मामंजी घरी आले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "पोरी, आता तुज्या मनाला यील तसं कर."

मी न्हाणीत गेले, कपाळ धुतलं आणि ह्यांच्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.