शोभनाताईंचे बर्फातले चार दिवस

मिरजेच्या शाळेत एकतीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेल्या शोभनाताईंना जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये सगळ्यात जास्त काय जाचत असेल, तर ते बसून राहणं. मुलगा हृषिकेश मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, सून स्वरूपा ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात, नात निधी दुसरीत. सकाळी आठनंतर घरात एकट्या ताई. खिडकीतून गाड्या दिसायच्या, माणूस मात्र औषधालाही नाही.

२०१७च्या जानेवारीत, नाताळची सुट्टी संपायच्या आत, चौघं चार दिवसांसाठी हार्झच्या डोंगरात ब्राउनलागला गेली. तिघं स्कीइंग करणार आणि आजी उपाहारगृहात बसणार, असं न विचारताच ठरलं होतं.

"आई, तुमच्यासाठी काचेजवळची जागा पकडलीय," स्वरूपा म्हणाली.

ताई बसल्या, पण जेमतेम वीस मिनिटं. काचेपलीकडे हाइके नावाची शिक्षिका पोरांना गुडघे वाकवायला, वजन पुढे टाकायला शिकवत होती. पोरं धपाधप पडत होती, उठत होती. हे धडे तर ताईंनी आयुष्यभर दिले होते! कपातलं गरम चॉकलेट त्यांनी एका दमात संपवलं आणि बाहेर येऊन हृषिकेशला गाठलं.

"मलाही त्या पट्ट्या बांधून दे."

"आई, बासष्ट वर्षांची आहेस तू! हाड मोडलं तर?"

"खो-खोत बारा वर्षं सूर मारलेत मी, तेही खडबडीत मातीवर. हा तर कापूस आहे. चल, दुकान दाखव."

भाड्याचे बूट चढवताना दोघांनी ओढाओढ केली. उभं राहिल्यावर पायात उखळ अडकवल्यासारखं वाटलं. मोठ्यांच्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून हाइकेनं हसत ताईंना पोरांच्याच रांगेत, निधीच्या मागे घेतलं.

हाइकेचं जर्मन ताईंना कळेना. निधीला मराठी समजायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. आता मात्र तिचा नाइलाज झाला. ताई घसरत घसरत कुंपणाकडे निघाल्या, तशी ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आजी, पिझ्झा कर! पायाचा पिझ्झा! पुढे टोकं जवळ, मागे लांब!"

ताईंनी पायांचा त्रिकोण केला आणि कुंपणापासून हातभर अंतरावर थांबल्या. स्वतःच्याच थांबण्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की टाळी वाजवायला गेल्या आणि आडव्या झाल्या. पहिल्या दिवशी त्या अकरा वेळा पडल्या. दुसऱ्या दिवशी तीनदा. निधी तर सुटलीच होती. जेवतानाही तिची मराठीत टकळी चालू, "आजी, उद्या तू वळताना बाहेरच्या पायावर जोर दे हं!"

तिसऱ्या दिवशी वर्गाची शर्यत होती. उतारावर आठ झेंडे, त्यांना वळसे घालत खाली यायचं. नऊ पोरं आणि दहाव्या ताई. वर उभं राहून त्यांनी आठही झेंडे नजरेनं मोजले. खालून स्वरूपा ओरडली, "आई, या! सावकाश या!"

सावकाश कुठलं! पहिल्या झेंड्याला वळल्या आणि अंगात जुना खेळ संचारला. झेंडे नव्हेत, ते खांबच! वारा कानात घोंगावत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ताई अंग झोकून एकेक वळसा कापत होत्या. शेवटच्या झेंड्यापाशी तोल गेला, पण गुडघ्यांनी सावरला. रेषा ओलांडल्यावरच त्या बर्फात बसल्या.

"चौथी! आजी, तू चौथी आलीस!" निधीनं गळ्याला मिठी मारली. हाइकेनं सगळ्यांसारखंच त्यांच्याही गळ्यात रिबिनीचं पदक घातलं. हृषिकेश मोबाइल घेऊन हसतच पुढे आला. "अगं, हसण्यामुळे निम्मं शूटिंग हललंय," तो म्हणाला.

"हलू दे," ताई धापा टाकत म्हणाल्या. त्यांचं लक्ष समोरच्या वुर्मबर्ग डोंगराच्या शिखराकडे तारेवरून सरकत जाणाऱ्या पाळण्यांवर होतं. "निधे, हाइकेला विचार, तिथून खाली यायला अजून किती दिवस शिकावं लागेल?"