पेन्सिलीनं लिहिलेली स्टँडर्ड्स

सीएच्या ऑफिसात किस्से घडत नाहीत, असा लोकांचा समज आहे. लग्नात कुणी विचारलं, "काय म्हणतंय काम?" आणि मी म्हटलं, "भाडेकराराचं नवीन स्टँडर्ड आलंय," की समोरचा जिलेबी आणायला जातो. पण पंधरा वर्षं एकाच टेबलावर बसलं की किस्से साठतात. नियम बदलला की तो कुणाला तरी समजावून सांगावा लागतो, आणि सांगायला गेलं की काहीतरी घडतंच.

आमचं ऑफिस सोलापुरात सात रस्त्याला, एका मेडिकलच्या वर. माळगे सर सीनियर, मी त्यांचा पार्टनर. कंपन्यांनी हिशेब कसे मांडायचे याचे नियम परदेशात ठरतात, त्यावरून आपल्याकडचे बेततात. त्यांना आम्ही स्टँडर्ड म्हणतो. शेअर बाजारातल्या आणि अशाच काही मोठ्या कंपन्यांना ते लागू होतात. सोलापुरात अशा कंपन्या मोजक्या. त्यातल्या तीन आमच्याकडे आहेत, आणि तीन पुरेशा आहेत.

•

सरांकडे एक लांबडं रजिस्टर आहे. स्टँडर्डमधला प्रत्येक बदल ते त्यात स्वतःच्या अक्षरात उतरवतात. पेन्सिलीनं.

मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, "सर, पेननं का नाही लिहीत?"

सर मान वर न करता म्हणाले, "पेननं लिहायला ती काय लग्नपत्रिका हाय का?"

•

भाडेकराराचं स्टँडर्ड खरोखरच बदललं, तेव्हाची गोष्ट. आधी भाड्याची जागा म्हणजे नुसता खर्च. नव्या नियमानं ती जागा वापरायचा हक्क कंपनीची मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवायचा. आमचे एक क्लायंट व्यंकटेश शेठ. त्यांची टॉवेलची कंपनी. मी त्यांना हे समजावलं, आणि त्यांनी ते एका साखरपुड्यात आपल्या गोदामाच्या मालकाला ऐकवलं. "चाचा, तुमचं गोदाम आता आमच्या ताळेबंदात बरं का."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी इस्माईल चाचा जिन्यात बसलेले. मांडीवर कागदांची पिशवी. गिरणीतली उभ्या आयुष्याची नोकरी संपल्यावर मिळालेले सगळे पैसे घालून त्यांनी ते गोदाम बांधलं होतं, आणि त्याच्या भाड्यावर त्यांचं घर चालत होतं. रात्रभर झोपले नव्हते, हे सांगायची गरज नव्हती.

"साब, मेरा गोदाम उनके बुक में कैसा गया?"

सरांनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा मागवला. म्हणाले, "चाचा, गोदाम तुमचंच. किल्ली त्यांच्याकडे आहे की नाही? त्या किल्लीची किंमत लिहिली त्यांनी. बाकी काही नाही."

चाचांना पटलं, पण अर्धंच. "लिख के देते क्या?"

सरांनी लेटरहेडवर लिहून दिलं, की गोदामाची मालकी इस्माईल चाचांचीच आहे. चाचांनी दोनदा वाचलं.

"और अगले साल रूल बदला तो?"

सरांनी हात पुढे केला. मग कागद परत घेतला आणि खाली एक ओळ वाढवली. 'नियम बदलला तरी.'

तो कागद चाचांनी लॅमिनेट करून घेतल्याचं नंतर कळलं.

•

दुसरा क्लायंट डाळिंबाचा. कर्नाटकच्या हद्दीला, मैंदर्गीजवळ मोठी बाग, आणि कंपनीत परदेशी भागीदार. बागांचा नियम असा, की झाड आणि झाडावरचं फळ वेगळं धरायचं. पूर्वी आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड दोन्ही जिवंत धरत असे. मग बदल झाला, आणि झाड यंत्रासारखं धरायचं ठरलं. दरवर्षी त्याची झीज काढायची. फळ मात्र जिवंत, त्याची बाजारभावानं किंमत करायची.

झाडं मोजायला मी आणि सर गेलो. बागेचे मुकादम शिवलिंगप्पा. वीस वर्षं ती बाग त्यांनीच वाढवलेली. मी त्यांना नियम सांगितला.

ते म्हणाले, "म्हंजी झाड मेल्यालं आन् डाळिंब जित्तं?"

"मेलेलं नाही, यंत्र."

"यंत्राला पाणी घालत्यात व्हय?"

मी सरांकडे पाहिलं. सर पुढे झाले आणि कानडीत बोलायला लागले. मला कानडी येत नाही. मध्ये मध्ये 'मशीन' आणि 'दाळिंबे' एवढंच कळत होतं. पाच मिनिटांत शिवलिंगप्पांनी मान हलवली आणि आम्हाला बाग दाखवायला निघाले.

परत येताना गाडीत मी विचारलं, "सर, काय सांगितलंत?"

"नियम चुकीचा हाय म्हणून सांगितलं. पण आपल्याला पाळायचाय."

•

वैशाली आमच्याकडे कामाला आहे. कुर्डुवाडीहून रोज रेल्वेनं ये-जा. सीए फायनलच्या एकाच पेपरात ती तीनदा अडकली, आणि तो पेपर नेमका स्टँडर्डचा. एकदा भाडेकराराचा धडा पाठ झाला आणि पुढच्या वेळी तो बदलला. एकदा विक्री कधी धरायची तो नियम बदलला. तिसऱ्या निकालानंतर तिनं पुस्तकं रद्दीत काढायचं ठरवलं.

तिचे सासरे रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा दारातून परत आत नेला. म्हणाले, "छोट्या लाईनचं, नॅरोगेजचं काम शिकण्यात माझी जवानी गेली. मग मोठी लाईन आली. साहेबानं सगळ्यांला परत शिकायला बसवलं. बसलो की."

त्या दिवसापासून वैशाली घरी आली की ते विचारायचे, "आज काय बदललं?" आणि तिनं सांगितल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. त्यांना समजेल असं सांगायचं म्हणजे तिला आधी नीट समजून घ्यावं लागायचं. वर्षभर हे चाललं. शेवटी शेवटी तीच एखादा मुद्दा विसरली, तर सासरे आठवण करून द्यायचे.

निकाल लागला तेव्हा ती आमच्या ऑफिसातच होती. तिनं सासऱ्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि निकाल सांगितला. मग त्यांनी शेजारी बसलेल्या कुणाला तरी सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं.

"आमी पास झालो."

•

आता व्यंकटेश शेठचाच एक, गोदामाच्या आधीचा. कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली आणि आमची स्टँडर्ड्स तिला लागू झाली. त्यातलं एक नात्यागोत्याचं आहे. कंपनी चालवणाऱ्याचे जवळचे नातेवाईक कोण, आणि त्यांचा कंपनीशी काही व्यवहार आहे का, हे जाहीर करावं लागतं.

शेठनी यादी दिली. बायको, दोन मुलं, आई. मी म्हटलं, "भाऊ राहिला."

शेठचा धाकटा भाऊ श्रीनिवास गावातच राहतो. कारखान्याच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही.

शेठ म्हणाले, "हे स्टँडर्ड परदेशातनं आलंय ना? तिथल्या यादीत भाऊ आहे?"

सरांनी खरं ते सांगितलं. "तिथं नाव घेऊन लिहिलेला नाही. बायको, मुलं, सांभाळायची माणसं, एवढंच. आपल्याकडे घेताना भाऊ, बहीण, आई-वडील घातले."

"मग परदेशातलं लावा."

"आपल्याला आपलंच लागतं, शेठ."

नातेवाइकांनी भरून द्यायचा फॉर्म घेऊन मी धाकट्या भावाकडे गेलो. श्रीनिवास यंत्रमागाच्या शेडमध्ये होते. आवाजात बोलता येईना म्हणून बाहेर आले. कागद उलटसुलट पाहिला.

"अन्नानं पाठवला?" थोरल्या भावाला ते अन्ना म्हणायचे.

"कंपनीनं पाठवलाय."

नात्याच्या रकान्यात त्यांनी 'भाऊ' लिहिलं. पुढे 'वर्षभरातले व्यवहार' असा रकाना होता. तिथं बराच वेळ पेन टेकवून उभे राहिले. मग लिहिलं, 'काही नाही'. फॉर्म मला दिला, परत मागून घेतला, आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'बोलणंसुद्धा नाही'.

तो फॉर्म मी शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी चष्मा लावला. ताळेबंदाला त्यांनी कधी एवढा वेळ दिला नव्हता.

"हे छापून येतं?"

"नाही. फाईलला राहतं."

"फॉर्म दरवर्षी भरून घ्यावा लागतो?"

"दरवर्षी."

"बरं," शेठ म्हणाले, आणि चष्मा काढला.

पुढच्या वर्षी मी तो फॉर्म घेऊन निघालो, तर शेठच्या ऑफिसातून फोन आला, की आमच्याकडेच पाठवा, आम्ही पोचवतो. चार दिवसांनी भरलेला फॉर्म आमच्याकडे आला. व्यवहाराच्या रकान्यात 'काही नाही' एवढंच होतं. आणि कागदाच्या कोपऱ्यावर, एकमेकांना चिकटून, चहाच्या कपांचे दोन गोल उमटलेले होते.