ईहीनबाईंचे रोडगे आणि चिखलदऱ्याचा सूर्य

थंड हवेच्या ठिकाणीही माणसाला घाम फुटू शकतो, हे मला चिखलदऱ्याला जाऊन कळलं.

तसा मी मेडशीचा शेतकरी माणूस. घाम फुटायला मला घरची तूर पुरते, त्यासाठी डोंगर चढायची काही गरज नव्हती. पण नाताळला लागून शनिवार-रविवार आला आणि कारंज्याहून आमच्या मयुरीचा, म्हणजे माझ्या मुलीचा फोन आला. "बाबा, तुमी, आई अन् मोठे बाबा मेडशीहून या. आमी चौघं इकडून निघतो. तीन दिवस चिखलदऱ्याले राहू. फिरू, खाऊ, मजा करू!"

मोठे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौघं म्हणजे मयुरी, जावई आणि तिचे सासू-सासरे. सासू-सासरे म्हटल्याबरोबर माझ्यापुरती मजा तिथेच संपली.

त्याचं असं आहे. मयुरीने लग्न केलं ते जैन घरात. सासरे डाळीचे व्यापारी, शब्दाला पक्के, माणूस सोन्यासारखा. पण लग्न ठरताना दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मनसोक्त नाकं मुरडून घेतली होती. आमच्याकडचे म्हणाले, "पोरगी कांद्याची चव इसरन!" त्यांच्याकडचे काय म्हणाले हे मयुरीने मला कधी सांगितलं नाही, म्हणजे ते बरंच असणार. त्यात आमच्या वऱ्हाडात व्याह्याला म्हणतात इवाई अन् विहिणीला ईहीन, आणि ईहीन तुमच्या पाहुणचारातून अर्धपोटी उठली तर ती बातमी सगळ्या गणगोतात फिरते. फिरून फिरून शेवटी येते ती तुमच्या मुलीच्या कानावर. आणि मग जन्मभर येतच राहते. दोन घरं पहिल्यांदाच एकत्र सहलीला निघाली होती आणि मला चिखलदऱ्याच्या दऱ्यांपेक्षा हीच दरी जास्त खोल दिसत होती.

"शनिवारचं जेवण आपल्याकडून," मी दादाला म्हणालो. "काय करा लागते?"

"रोडगे!" दादा म्हणाला. विचारबिचार काही नाही.

दादाचंही बरोबर होतं. आमच्याकडे चार माणसं मोकळ्या हवेत मजेला जमली की रोडगेच होतात. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, राखेत दडपायचे, झटकून फोडायचे आणि वरून तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी.

"दादा, त्याईले वांगं चालत नाई."

"मंग आलू टाकू."

"आलू बी नाई. कांदा नाई, लसूण नाई."

दादा डोक्याला हात लावून बसला. घरात काहीतरी अशुभ घडल्यावर बसतो तसा. मग हळूच म्हणाला, "मीठ चालते ना?"

शेवटी साधं तुरीचं वरण, टमाट्याची चटणी आणि रोडगे असं ठरलं. सूर्य मावळल्यावर ते लोक जेवत नाहीत, चहासुद्धा घेत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे दिवस असतानाच पंगत बसवायची, हेही ठरलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मी पडलो काळजी करणारा माणूस! (माझी बायको उषा म्हणते, मला काळजी नसली की मी शेजाऱ्याची मागून आणतो.) मी मयुरीला फोन करून ईहीनबाईंच्या खाण्यापिण्याची बारीक चौकशी केली. बोलता बोलता ती म्हणाली, "आई अष्टमी-चतुर्दशीले एकासन करतात. म्हणजे दिवसातून एकदाच जेवतात, एकाच बैठकीत."

मी फोन ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. शनिवारी अष्टमी!

म्हणजे विमलताई, आमच्या ईहीनबाई, त्या दिवशी एकदाच जेवणार, आणि ते जेवण आमचं! त्यांना तेवढ्यासाठी फोनही केला. "ताई, शनिवारी आमच्याकडे रोडगे बरं का!" त्या म्हणाल्या, "बरं भाऊ." किती साधी बाई! दिवसभराची भूक माझ्या भरवशावर सोडून मोकळी झाली.

चिखलदऱ्याला कोळसा मिळतो, लाकडं मिळतात. पण दादाचा बाहेरच्या विस्तवावर विश्वास नाही. त्याने घरच्या गोवऱ्यांचं पोतं जीपमध्ये टाकलं. घाटाखालच्या नाक्यावर चौकीदाराने जीप थांबवली.

"पोत्यात काय हाये?"

"गोवऱ्या."

"कायले?"

"इवाई येऊन राह्यले," दादा म्हणाला.

चौकीदाराला हे कारण पटलं असावं, कारण त्याने आणखी काही विचारलं नाही. फक्त जंगलात विस्तव पेटवायचा नाही अशी तंबी दिली आणि आम्हाला सोडलं.

आम्ही उतरलो ते हॉटेल होतं एका खोलगट जागी. चारही बाजूंनी डोंगर, मागे मोकळं अंगण, आणि अंगणात विस्तव करायची परवानगी. शनिवारी सकाळी बाकीची मंडळी जावयाच्या गाडीतून फिरायला गेली. तळं, नाव, घोडे, किल्ला. उषा पण गेली. "आमी येऊन वरण लावतो, तुमी दोघं विस्तव सांभाळा," असं सांगून गेली. मी खूश होतो. दिवस अख्खा पडला होता.

मग दादाने गोवऱ्यांचं पोतं उघडलं. ते रात्रभर अंगणात होतं आणि डोंगरातल्या दवाने गोवऱ्या पार ओल्या झाल्या होत्या!

"रात्री आत काहून नाई घेतल्या?" मी ओरडलो.

"खोलीत? तुह्या उशाले ठेवू काय?"

त्या आम्ही उन्हात वाळत घातल्या. दुपार झाली तरी त्या आतून ओल्याच. शेवटी धीर सुटून पेटवल्या, तर जाळ नाही, नुसता धूर! पांढरा, दाट, डोळ्यात जाणारा धूर. नागपूरकडचं एक जोडपं गॅलरीत चहा घेत होतं, ते चहा घेऊन आत गेलं आणि खिडक्या लागल्या. मॅनेजर धावत आला. "काका, काय जळून राह्यलं?" मी म्हणालो, "कायच नाई जळून राह्यलं, तोच तर प्रॉब्लेम हाये!"

फुंकून फुंकून माझे गाल दुखायला लागले. निखारे झाले तोवर उन्हं कलली होती. मंडळी परत आली, उषाने वरण लावलं, दादाने गोळे निखाऱ्यावर मांडले आणि मी एक डोळा विस्तवावर, एक डोळा आकाशावर ठेवून उभा राहिलो. मधूनमधून विमलताईंकडेही बघत होतो. त्या खुर्चीत शांत बसल्या होत्या. चेहरा जरा थकलेला. सकाळपासून उपाशी बाई! मला तर त्यांच्याकडे बघवेना.

रोडगे राखेतून काढले, झटकले, टोपलीत भरले. मी पानं मांडायला वाकलो आणि एकदम अंगण काळवंडलं. इवाई वर बघून शांतपणे म्हणाले, "सूर्य गेला वाटते."

"गेला नाई!" मी किंचाळलो. "आड गेला!"

खरंच तो समोरच्या डोंगराच्या आड गेला होता. आम्ही खड्ड्यात असल्यामुळे आमच्यापुरती संध्याकाळ आधीच झाली होती. दादा म्हणाला, "आड जाणं म्हणजे मावळणं थोडीच हाये!" इवाई म्हणाले, "ते खरं. पण मले दिसून नाई राह्यला, तर मी जेवू कसा?" शेवटी मॅनेजरच म्हणाला, "सनसेट पॉइंटवर अजून दिसत असन. लौकर निघा!"

मग जे झालं त्याला पळापळ हा शब्द थोडा पडतो. वरणाचं पातेलं जीपमध्ये. रोडगे गार होऊ नयेत म्हणून टोपली उषाच्या नव्या शालीत गुंडाळली. (ती शाल आता तिच्या अंगावर नसते.) तूप थंडीने गोठत होतं म्हणून डबी मी स्वेटरच्या आत, पोटाशी धरली. विमलताई गोंधळून पुन्हा खुर्चीत टेकायला लागल्या, तर मी ओरडलो, "ताई, बसू नका! बैठक मोडन!" एकासनाचे नियम मला पूर्ण माहीत नव्हते, पण धोका कशाला पत्करायचा? ताई दचकून उभ्या राहिल्या. त्यांना मी जीपमध्ये घातलं, दादा चालवायला बसला आणि बाकीचे जावयाच्या गाडीतून मागे निघाले.

सुट्टीचा दिवस. सगळा विदर्भ सूर्यास्त बघायला त्याच रस्त्याने निघाला होता. पॉइंटच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली आणि जीप थांबली. पुढची हलेना, मागची हलेना. झाडांच्या शेंड्यांमधून सूर्य दिसत होता, तांबडा व्हायला लागलेला.

"सुध्या, उतर!" दादा म्हणाला. "ईहीनबाईले घेऊन पायी जाय! मी जीप सोडून येऊ शकत नाई!"

एका हातात पातेलं, डोक्यावर टोपली, पोटाशी तूप आणि मागे पदर खोचून ईहीनबाई. अशी आमची वरात गर्दीतून निघाली. "सरका, सरका! जेवाचं हाये!" मी ओरडत होतो. लोकांना वाटलं कुणीतरी विकायला आलंय. एकाने भावही विचारला.

कठड्याजवळ पोचलो तर पाय ठेवायला जागा नाही. सगळे मोबाइल उंच धरून उभे. मी टोपली-पातेलं ताईंच्या हातात दिलं आणि गर्दीला हात जोडले. "भाऊ, ताई, जरा जागा द्या! ह्या आमच्या ईहीन. सूर्य मावळल्यावर जेवत नाईत. सकाळपासून उपाशी हायेत!"

विमलताई म्हणाल्या, "भाऊ, ऐका ना..."

"बोलू नका ताई, बसा!"

माणसं खरंच चांगली असतात हो. क्षणात गोल जागा झाली. एका बाईने आपली सतरंजी अंथरली. मी रोडगा फोडला, स्वेटरमधून डबी काढली. (अर्धं तूप स्वेटरने आधीच घेतलं होतं.) वरण ओतलं. ताईंनी तोंड उघडलं, "भाऊ, मी काय म्हनते..." मी म्हणालो, "आधी घास घ्या!" त्यांनी घास घेतला.

मग टोपीवाले एक काका सूर्याकडे तोंड करून आपणहून सांगायला लागले. "जेवा ताई, जेवा! अजून वीतभर हाये!" दुसरे म्हणाले, "टेकला नाई अजून, सावकाश!" मी दुसरा रोडगा वाढला. ताईंनी हाताने नको नको केलं. मी म्हणालो, "संकोच नका करू, दिवसभराचं एकच जेवन!" गर्दीतून आवाज आला, "घ्या ना काकू, एवढ्या प्रेमानं देऊन राह्यले!" तिसऱ्याला ताईंच्या डोळ्यात पाणी आलं. मला गहिवरून आलं. एवढी भूक दाबून बसलेली बाई, म्हणालो, जगात असतात अशी माणसं!

"अर्धा गेला!" काका ओरडले. "घाई करा!"

ताईंनी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायल्या आणि सूर्य गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमक्या कोणासाठी ते कळलं नाही, पण मी मान लववली. मुलीचा संसार आपण वाचवला, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. बाकीची मंडळी पोचली तेव्हा अंधार पडला होता. इवाईंचं जेवण हुकलं, पण ते हसून म्हणाले, "मले भूक नाईच." मी मनात म्हटलं, काय मोठं मन!

हॉटेलवर आलो आणि विमलताईंचं पोट दुखायला लागलं. त्यांना बसवेना, निजवेना. अंगणात त्या फेऱ्या मारायला लागल्या. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे उषा, तिच्या मागे मयुरी. माझ्या डोक्यात भलभलते विचार. रोडगे कच्चे राहिले? राख गेली पोटात? उद्या कारंज्यात काय सांगतील? माझ्या पोरीचं कसं होणार?

"ताई, रिकाम्या पोटी एकदम जास्त झालं," मी म्हणालो. "चूक माहीच हाये. अष्टमीचा उपास, अन् मी..."

मयुरी थांबली. "कोनाचा उपास, बाबा? आई प्रवासात एकासन करत नाईत. दुपारी तळ्यावर आमी सगळे पोटभर जेवलो. आईनं घरून एवढा डबा आनला होता! पुऱ्या, दशम्या, लाडू..."

मी विमलताईंकडे पाहिलं. त्या पोटावर हात धरून उभ्या होत्या.

"म्हणजे तुमी... भरल्या पोटावर तीन रोडगे?"

"हो भाऊ."

"मंग मले सांगितलं काहून नाई?"

"सांगत होती ना! पन मी तोंड उघडलं की तुमी त्यात घास घालत होते." मग जरा श्वास घेऊन म्हणाल्या, "अन् एवढ्या लोकांत तुमी हात जोडून उभे. म्हटलं, माह्या सुनेच्या बापाची मान खाली जाऊ नये. पोट काय, दुखन अन् राहीन."

ज्या ईहीनबाईंची भीती बाळगून मी महिनाभर नीट झोपलो नव्हतो, ती बाई माझ्या अब्रूसाठी तीन रोडगे जास्तीचे खाऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती. काहीतरी चांगलं, मोठं, शोभेलसं बोलावं असं फार वाटलं. वर आकाशात चांदण्या लखलखत होत्या. मी हात जोडले, आवाज सावरला आणि पूर्ण मनापासून म्हणालो, "ताई, मंग आता गरम गरम चहा तरी घ्याच!"