तोंडातली तार

आमच्या काकांचं तोंड रिकामं असलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. ते बडबडे आहेत म्हणून नव्हे, तर दुकानात असले की त्यांच्या दातांत डाग द्यायची, म्हणजे सोल्डरची, तार असते म्हणून. काका संगणक दुरुस्त करतात. उजव्या हातात तापलेली सोल्डरगन, डाव्या हातात चिमटा, मग तार धरायला तिसरा हात आणायचा कुठून? ती दातांत धरायची, मान कासवासारखी पुढे काढायची आणि टोक बरोबर सांध्यावर टेकवायचं. हे ते लग्नाआधीपासून करत आलेत. आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे तारवाले म्हणूनच ओळखतात.

दुकानाचा अर्धा भाग माझा. मधे प्लायवूडची कमरेइतकी भिंत, पलीकडे ते, अलीकडे मी आणि माझं शिलाई मशीन. टाचण्या तोंडात धरायची सवय मला आहे, त्यामुळे आम्हा काका-पुतणीचं निम्मं बोलणं 'हं' आणि 'अंहं' यांवरच भागतं.

काका तसे गरीब स्वभावाचे, पण चिपला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "चिप गेली वाटतं," की ते घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखे दुखावतात. "चिप कशाला जातेय? कीबोर्डवर चहा तुम्ही सांडायचा, वायरी तुम्ही ओढायच्या आणि बिल मात्र तिच्या नावावर फाडायचं." गिऱ्हाईक निमूटपणे चहाचं कबूल करतं.

मग त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, तान्ह्या बाळाला घेऊन थोडे दिवस राहायला आली. पहिली नात. काका त्या दिवशी दुकान लवकर बंद करून जवळजवळ पळतच घरी गेले. दारात काकू उभी होती.

"तिथंच थांबा," काकू म्हणाली. "हात लावायचा नाही बाळाला."

काकूच्या फोनवर कुणीतरी काहीतरी पाठवलं होतं. संगणकाच्या चिपमध्ये सोमल असतो म्हणे. सोमल म्हणजे उंदरांना घालतात ते विष, एवढं काकूला ठाऊक होतं आणि तेवढं तिला पुरलं. काका दिवसभर चिपा हाताळतात, म्हणजे काकांच्या हाताला सोमल, म्हणजे काका आणि बाळ यांच्यात अख्खी बैठकीची खोली पाहिजे. काकूचा हिशेब असा सरळ असतो, आणि एकदा मांडला की तो कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

काकांनी नात खोलीच्या या टोकावरून पाहिली. ती पाय झाडत होती. ते मान उंच करून बघत होते, आणि मला त्यांची खरंच दया आली.

हे तसंच चाललं. काका संध्याकाळी येत, दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि लांबूनच 'आ आ' करत. ताई म्हणायची, "आई, काहीतरीच काय गं!" पण बाळ झाल्यापासून रात्रीची झोप गेलेली, आईशी भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिचे जायचे दिवस जवळ येत चालले. शेवटी काकाच मला म्हणाले, "तुझ्या काकूला दुकानात घेऊन ये. एकदा डोळ्यांनी बघू दे."

काकू आली ती पदराने नाक झाकूनच. काकांनी स्टूल पुसून दिलं, तरी ती उभीच राहिली. काका एका जुन्या बोर्डाला डाग देत होते. काम हातातलं सोडवेना, म्हणून तार दातांत तशीच ठेवून ते दातांतल्या दातांत बोलू लागले. मला सवय आहे, मला सगळं कळलं. काकूलाही कळलं. बायकोला कळतंच.

"सरळ सांगा," काकू म्हणाली. "सोमल असतो की नाही?"

"असतो," काका म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण किती, ते विचार. काही चिपांत असतो, तोही नखावर घ्यायचा म्हटलं तर दिसणार नाही इतका. सिलिकॉनच्या आत मुरलेला. वर हे काळं कवच, दगडासारखं. तो बाहेर येणार कुठून?" आणि त्यांनी चिमट्याने एक चिप उचलून गालावर घासली, हनुवटीवर घासली, वर काकूपुढेही धरली. काकू मागे सरकली.

"मग लोक म्हणतात ते सगळं खोटं?"

"अर्धं खरं. या चिपा बनवतात तिथं जहाल आम्लं असतात, विषारी वायू असतात, तिथल्या माणसांना जपावं लागतं. आणि भंगारवाले सोन्याच्या नादाने चिपा जाळतात, आम्लात उकळतात, तो धूर वाईट. तिला पेटवू नका, दळू नका, उकळू नका, एवढंच. इथं माझ्या टेबलावर ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

काका असे बोलायला लागले की थांबत नाहीत. इतक्या दिवसांचा अपमान साचला होता. काकूचा पदर नाकावरून थोडा खाली आला. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, मला वाटलं, जिंकले काका.

"म्हणजे या टेबलावर विषारी असं काहीच नाही?" काकूने विचारलं.

इथं त्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण काका पडले खऱ्याचे.

"आहे ना," ते म्हणाले. "ही डाग द्यायची तार. हिच्यात शिसं असतं. बिनशिशाचीही मिळते आता, पण ती हट्टी, नीट पसरत नाही. शिसं मात्र खरंच वाईट. पोटात गेलं की जिरून बसतं, आणि लहान मुलांच्या तर मेंदूलाच..."

"कुठली तार?" काकू म्हणाली.

काकांनी हनुवटी उचलून दाखवली. तार दातांत हलली.

माझं मशीन थांबलं. काका काकूकडे बघत राहिले, मग डोळे खाली करून, जवळजवळ तिरळे होऊन, स्वतःच्या तोंडाकडे. शिशाबद्दल त्यांना माहीत होतं, तार तोंडात असते हेही माहीत होतं. फक्त या दोन गोष्टींची आपसात कधी ओळख झाली नव्हती.

"तोंडातून काढा," काकू अगदी हळू म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पलीकडे मी माझ्या टाचण्या गुपचूप उशीला टोचल्या.

त्यानंतर उलटंच झालं. काकू म्हणाली, साबणाने हात धुवा, कपडे बदला आणि घ्या बाळाला. तर काकाच तयार होईनात. दाराजवळची खुर्ची त्यांनी आणखी मागे, पार उंबऱ्याबाहेर नेली. "आधी रक्त तपासतो," म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. ताईला त्यांनी विचारलं, "तू लहान असताना मी दुकानातून आलो की तसाच तुला उचलायचो. याच हातांनी बिस्किटं भरवायचो. तुला काही त्रास?"

"आत्ता कळलं माझं गणित कच्चं का होतं ते," ताई म्हणाली.

काका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा ताई घाबरली आणि पुन्हा पुन्हा सांगू लागली, बाबा, मी अभ्यासच करायची नाही हो, शप्पथ. तरी काकांनी तिचंही रक्त तपासायला लावलं.

ताईच्या रक्तात काही निघालं नाही. काकांच्या रक्तात शिसं हवं त्यापेक्षा जास्त निघालं, पण औषध लागावं इतकं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तार तोंडात नको, टेबलावर खाणं नको, हात धुवा, घरचे कपडे वेगळे ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. काकांनी एकच विचारलं. त्या म्हणाल्या, "घ्या की नातीला. हात धुऊन घ्या म्हणजे झालं."

आता दुकानात तार धरायला एक वाकडा स्टँड आला आहे. काका त्याला शिव्या देतात. बिनशिशाच्या तारेलाही देतात. तोंड मोकळं झाल्यापासून ते फार बोलायला लागलेत, याची तक्रार मी काकूकडे केली आहे.

ताई जायच्या आदल्या संध्याकाळी काका न्हाणीघरात गेले ते बाहेर येईचनात. शेवटी कोपरापर्यंत लालबुंद हात घेऊन आले, धुतलेला सदरा घालून खुर्चीत ताठ बसले. काकूने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते श्वासही जपून घेत होते. नातीने त्यांच्याकडे नीट बघितलं, त्यांचं बोट मुठीत पकडलं आणि थेट तोंडात घातलं.

काका दगडासारखे झाले. बोट काढावं तर ती रडेल, ठेवावं तर... त्यांनी काकूकडे पाहिलं.

"किती वेळा धुतले?" काकूने विचारलं.

"साबण संपला," काका म्हणाले.

"मग असू दे," काकू म्हणाली आणि पदराने नाक झाकलं. या खेपेला सोमलासाठी नव्हे.