तुळशीच्या रोपांना घरं

ह्यांची सांगलीला बदली झाल्याचा कागद पौषात आला आणि मी त्याच दुपारी याद्या करायला बसले. न्यायची भांडी, देऊन टाकायची भांडी, मुलांचे शाळेचे दाखले, वैशाखापर्यंत संपवायचं धान्य. सगळं मार्गी लागण्यासारखं होतं. अडलं ते सासूबाईंपाशी.

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “माझी तुळस इथं आहे. तिला टाकून मी येत नाही.”

साताऱ्याच्या अंगणातली ती तुळस जुनी, खोडाला अंगठ्याहून जाड. वृंदावनातून काढली असती तर जगली नसती. ह्यांनी दोनदा समजावून पाहिलं आणि मग कचेरीतून उशिरा यायला लागले. मुलं आजीशिवाय जेवत नसत, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याशिवाय परक्या गावात संसार मांडायचा नव्हता. शेवटी मी म्हटलं, “ह्याच तुळशीचं बी पेरू. रोपं सांगलीला नेऊ. मग याल?”

“आधी रोपं तर होऊ देत,” त्या म्हणाल्या. एवढंच कबूल केलं.

माघातली थंडी, त्यातून शेजारची शेळी. म्हणून पेरणी स्वयंपाकघरात. रॉकेलचा रिकामा डबा आडवा कापला, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, चाळलेली माती आणि जुनं शेणखत निम्मं निम्मं भरलं. वाळक्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी काढलं. निम्मं उगवणार नाही, काही मुंग्या नेतील, असा हिशेब करून मी चांगलं चमचाभर पेरलं. वर चिमूटभर माती, हातानं पाणी शिंपडायचं, आणि डबा खिडकीखाली, चुलीची ऊब लागेल इतक्या अंतरावर.

माझा हिशेब साफ चुकला. मुंग्या फिरकल्या नाहीत आणि बी बहुतेक सगळंच उगवलं. डबा हिरव्या गोधडीसारखा दिसायला लागला. सासूबाई दिवसातून दहा वेळा त्याच्यापाशी जाऊन बसत. मला मात्र दिसत होतं की रोपं दाटीनं नुसती उंच, पांढुरकी होताहेत आणि कडेची माना टाकताहेत. विरळणी केल्याशिवाय एकही धड होणार नव्हतं. त्या देवळात गेलेल्या पाहून मी चिमट्यानं रोपं काढायला घेतली. तीन निघाली, आणि दारात त्या उभ्या.

“हे काय चाललंय?”

“दाटी झालीय, आई. थोडी कमी करते.”

“तुळस उपटतेस? घरात माणसं जास्त झाली म्हणजे तीही अशीच कमी करशील का गं?”

मी चिमटा खाली ठेवला. डबा उचलून त्यांनी आपल्या खोलीत नेला. चार दिवस विषय बंद. रोपं तिथं आणखी मलूल झाली, आणि सासूबाईंच्या सांगलीला येण्याचं तर नावच नको.

कोंडी फोडली भाजीवालीनं. पाटी उतरवून ती पाणी प्यायला आत आली आणि सासूबाईंच्या खोलीच्या उघड्या दारातून तिनं डबा पाहिला.

“आवं आजी, ह्यातलं एकबी वाचायचं न्हाई! आमी मिरचीचं रोप एका वाफ्यात टाकतो आन् मग रानभर लावतो. तितंच ठिवलं तर मिरची कवा खायाची? ह्यास्नी घरं बघा की. मला द्या धा.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. “रोज पाणी घालशील?”

“लेकरावानी.”

ओल्या फडक्यात गुंडाळून दहा रोपं गेली. ती गेल्याबरोबर सासूबाई मला म्हणाल्या, “वही आण.”

मग मी हौसेनं यादी केली: घर, ऊन कुठून येतं, कुंडी आहे की नाही. रविवार आणि द्वादशी सोडून रोज सकाळी पाच-सहा रोपं मातीसकट काढून करवंटीत लावायची आणि आम्ही दोघींनी ती पोचवायची. सासूबाई माझ्या यादीवर काट मारीत. “तिच्याकडे नको, ती वासराला पाणी पाजायला विसरते.” ज्यांना नको त्यांच्या मात्र गळ्यात मारीत. कोपऱ्यावरचे पेन्शनर हवालदार हात जोडून म्हणाले, “आवं काकू, दोन हायत माझ्याकडं!”

“तिसरी घ्या. पाणी घालायला तरी खुर्चीतून उठाल. आणि आमच्या अंगणातल्या थोरलीलाही तुम्हीच घालायचं.”

“म्हंजी? तुमी कुठं निगाला?”

मी मागं करवंट्यांची टोपली घेऊन उभी होते.

“सांगलीला. आम्ही सगळेच. तिथं उन्हाळा फार म्हणतात, बघू,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुढच्या घराकडे वळल्या. तिथंही विचारलं, तिथंही हेच सांगितलं. दर घरी थोडा वेळ बसणं, कुणाच्या सुनेची चौकशी, कुणाला लोणच्याचं प्रमाण. चैत्र संपेपर्यंत आमची सगळी आळी त्यांनी अशी भेटून घेतली. निरोप हा शब्द मात्र कुणी काढला नाही.

एका सकाळी त्यांनी विचारलं, “किती राहिली?”

“सात.”

डब्यात आता ऐसपैस जागा होती. रोपं बोटभर उंच, पानं गडद, वास येण्याजोगी.

“चार खपव इथं. सांगलीला तीन बास झाली,” त्या म्हणाल्या. “तिथंही मंजिऱ्या येतीलच की. आणि हे बघ, पुढच्या वेळी बी चिमूटभरच टाक.”