भरतातला बोंबील

बाबा रत्नागिरीकडचे. मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले, ते कायमचे. समुद्र सुटला, पण मासा काही सुटला नाही. दर हिवाळ्यात आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती सुक्या बोंबलांची पिशवी पाठवायची. मिल बंद पडली, बाबा घरी बसले, आणि त्या पिशवीत त्यांचा जीव आणखीनच अडकला. सकाळी स्वतः बोंबील निवडायचे, तव्यावर भाजायचे, लसूण-मिरची घालून चटणी कुटायचे. माणसाच्या हाताला काहीतरी काम हवं ना.

त्याच वर्षी दादाचं लग्न होऊन वहिनी आली, इंदूरजवळच्या बेटम्याची. पहिल्याच रविवारी तिनं ताटातली चटणी बाजूला सारली.

"मला मच्छी सूट नाही होत, बाबा. बदनभर लाल चकत्ते निघतात."

बाबांचा चेहरा उतरला. नव्या सुनेनं बोंबील खाल्ला की ती घरची झाली, असं आमच्याकडे धरत. माझं डोकं फिरलं. मी एकोणीस वर्षांची, जिभेची तिखट, बाबांची लाडकी. जिनं जन्मात समुद्र पाहिला नाही, तिला समुद्राच्या माशाची कसली आलीय अ‍ॅलर्जी! सगळी नाटकं, असं मी ठरवूनच टाकलं.

एके दुपारी मी वांगी भाजली. भरतात चमचाभर चटणी कालवली, वर कांदा-कोथिंबीर पेरली आणि वहिनीला आग्रहानं वाढलं. बाबांसमोर तिचं पितळ उघडं पाडायचं होतं मला. ती जेवत होती आणि मी मनातल्या मनात जिंकत होते.

अर्ध्या भाकरीवर तिचा हात थांबला. आधी तिनं गळा खाजवला, मग ओठ सुजले, मग श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. दादा कामावर गेलेला. शेजारचे भिया धावत जाऊन ऑटो घेऊन आले. दवाखान्यात इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "थोड़ी और देर होती तो मुश्किल थी. खाया क्या था?"

वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबांची चटणी. मीच चाखून बघितली."

"ठाऊक होतं तर खाल्लीसच कशाला?" बाबा तिच्यावर कडाडले. सुजलेल्या डोळ्यांनी ती ऐकत राहिली. मी तिथंच, खाटेला टेकून उभी होते. एक शब्द बोलले नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी येताच बाबांनी आत्याला पत्र लिहिलं, यापुढे मासे पाठवू नकोस. उरलेली पिशवी मिलमधल्या जुन्या सोबत्याला देऊन टाकली. मग दुपारभर नुसते ओट्यावर बसून राहू लागले. मिल गेली होतीच, त्यात ही चटणी मी घालवली. आणि बाबा शेवटपर्यंत ती वहिनीची चूक समजत राहिले.

ते गेल्यावर मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती पोळ्या लाटत होती.

"माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलं होतं."

"मग खाल्लंस कशाला?"

"तेव्हापर्यंत बस चकत्तेच निघायचे. सोचलं, सहन करून घेईन. तू पहिल्यांदा माझं ताट लावलं होतं ना."