मोटारीची खांदशेकणी

गिअरबॉक्समधलं तेल वेळच्या वेळी बदलायचं असतं, हे मालकाला पटवणं किती अवघड आहे ते मी अमरावतीत सात वर्षं भोगलं. इंजिनचं तेल बदला म्हटलं तर मालक कुरकुर करत का होईना, हो म्हणतो. गिअरबॉक्स मात्र खाली, कुणाच्या नजरेला न पडणारी लोखंडी पेटी. ती ओरडत नाही तोवर तिला कोण विचारतो? आणि ती ओरडू लागली की तेल बदलून काही होत नाही, मग आतली दातेरी चाकंच बदलावी लागतात. मी एका नामांकित वकिलांच्या विलायती मोटारीवर ड्रायव्हर होतो. अकोल्याच्या एका वर्कशॉपात उमेदवारी करून आलेलो, म्हणजे नुसता स्टिअरिंग फिरवणारा नव्हतो. पहिल्याच वर्षी मी हे साहेबांच्या कानावर घातलं.

"चालू गाडीले काहून उघडून राहिला तू?" साहेब म्हणाले. "रिकामे धंदे."

मी समजावून सांगितलं. आतली चाकं एकमेकांवर घासतात, त्यांचा बारीक चुरा तेलात उतरतो, आणि तेच तेल पुढं त्यांना खातं. साहेब कोर्टात समोरच्या वकिलाचं ऐकतात तसे ऐकत होते, म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. दुसऱ्या वर्षीही तेच. खरं बोलून काही हाती लागत नव्हतं.

तेव्हा मी एक शक्कल लढवली, आणि आजही त्या युक्तीचा मला राग येतो. साहेबांची शेती नांदगाव पेठेकडे होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथल्या बैलजोड्या बंगल्याच्या आवारात येत. संध्याकाळी त्यांची खांदशेकणी व्हायची. जू वाहून दुखावलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, त्यांवर तूप-हळद चोळायची, आणि बैलांना 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं. हे सगळं साहेबांच्या आई स्वतः उभ्या राहून करवून घेत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. तिसऱ्या वर्षी त्या बैलांपाशी उभ्या असताना मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मोटारबी वर्षभर ओझं वाहते. तिचा खांदा म्हंजे ही गिअरची पेटी. तिचीबी आज खांदशेकणी करू देता काय?"

साहेब हसले. मोठ्या बाईंचे डोळे मात्र भरून आले. "खरं हाये त्याचं," त्या म्हणाल्या. "मुकं जनावरच ते. कर बापा, कर."

तेव्हापासून दर पोळ्याच्या आदल्या दिवशी तेल बिनबोभाट बदललं जाऊ लागलं. आधी बडनेऱ्यापर्यंत एक फेरी मारून यायची, म्हणजे तेल गरम होऊन गाळासकट वाहून येतं. मग खालचा बूच काढायचा. काळं तेल घमेल्यात पडलं की त्यातलं थोडं दोन बोटांत चोळून बघायचं. नुसतं काळं असेल तर ठीक, कचकच लागली तर काळजी. मग बूच लावून, ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलून पेटीच्या बाजूच्या भोकातून नवं तेल भरायचं, ते ओघळेपर्यंत. एवढंच काम. मोठ्या बाई पेटीला हळदीचं बोट लावत आणि मी मनात म्हणे, लावा, काय बिघडतं? चार वर्षं मोटार लोण्यासारखी चालली. साहेब पाहुण्यांना सांगत, "आमच्या ड्रायव्हरले यंत्र कळते." मला वाटे, अमरावतीत नाव कमावलं आपण. ड्रायव्हरजवळ दुसरं असतंच काय? यंत्र कळतं असं चार लोक म्हणाले की नोकरी कुठंही मिळते. यंत्र बिघडवलं असं एक जण म्हणाला की अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळी दारं बंद.

मग लढाईची वर्षं आली. पेट्रोल चिठ्ठीवर, टायर नाहीत, गिअरचं तेल तर औषधालाही मिळेना. सातव्या वर्षी दुकानदारानं शब्द दिला होता, म्हणून मी पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारीच जुनं तेल काढून टाकलं, बूच लावला आणि डबा आणायला बाजारात गेलो. डबा आलाच नव्हता. "उद्या सकाळी ये," म्हणाला. मी बंगल्यावर निरोप ठेवला, मोटार हलवू नका म्हणून बजावलं आणि घरी गेलो.

सकाळी अर्धाच डबा मिळाला. तो घेऊन आलो, तर मोठ्या बाई हसत समोर आल्या. "तू नाई आला, मंग मीच शेकला तिचा खांदा. बैलाची झाली अन् तिची राहिली, असं बरं दिसते काय?" त्यांनी भरण्याच्या भोकातून पितळी नरसाळ्यानं घरचं साजूक तूप ओतलं होतं, कढवून, हळद घालून. स्वतःच्या हातानं. भोक ओघळेपर्यंत ओतायचं, हे त्यांनी चार वर्षं मला बघून शिकून घेतलं होतं.

मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, हे काढून पेटी रॉकेलनं धुवा लागन. तूप गरम झालं का पाणी होते, दातायले धरत नाई. अन् हळदीची कचकच."

"पोळ्याच्या दिवशी मायनं घातलेलं तूप गटारात सांडतं?" साहेब म्हणाले. "तिले काय वाटन? चार दिवस चालू दे. मंग पाहू."

चार दिवसांनी विचारलं, तेव्हा तिवशाला जायचं होतं. आठ दिवसांनी विचारलं, तर "तुझं एकच टुमणं." दसऱ्यापर्यंत मी किती वेळा विचारलं याची गणती नाही. मोटारीतून तळणाचा वास यायचा, खाली जमिनीवर पिवळे डाग पडायचे, आणि तिसऱ्या गिअरला आवाज येऊ लागला होता. तो आवाज साहेबही ऐकत होते. मागच्या सीटवरून वर्तमानपत्र किंचित खाली व्हायचं आणि पुन्हा वर जायचं. साहेबांना न विचारता मी ती पेटी रिकामी करायला हवी होती. नोकरीच्या भीतीनं केली नाही. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

दसऱ्यानंतर अकोल्याला मोठा खटला होता. मूर्तिजापूर सोडलं आणि बोरगावच्या अलीकडं पेटीत काहीतरी कडाडलं. दात तुटले होते. बैलगाडीला बांधून मोटार अकोल्याला नेली. खटल्याला साहेब पोचले ते उशिरा, घामाघूम होऊन. संध्याकाळी ते वर्कशॉपात आले तेव्हा त्यांच्यासोबत अकोल्याचे दोन वकील होते. मिस्त्रीनं पेटी उघडली. आत पिवळा रवाळ गोळा, त्यात लोखंडाचे तुकडे.

"अबे, याच्यात शिरा करून राहिले होते काय?" मिस्त्री म्हणाला. सगळे हसले. मग सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. "ड्रायव्हरनं टाकलं," ते म्हणाले. "तेल भेटेना, तर यानं तूप टाकलं. अडाणी लोक."

मी तोंड उघडलं होतं. पण परक्या माणसांत त्यांच्या आईचं नाव घ्यायला जीभ वळली नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर साहेब काहीतरी बोलतील. घरी गेल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की महिनाअखेर दुसरीकडं बघ, मी चांगली चिठ्ठी देतो.

"साहेब, तुमाले सगळं माहीत हाये."

"माहीत हाये," ते म्हणाले. "पण ते मायच्या कानावर जायला नको. तिचा जीव हाये त्या मोटारीत. तू तरुण हायेस, तुले कुठंबी काम भेटन."

निघायच्या दिवशी मोठ्या बाई दाराशी आल्या. मागं साहेब उभे होते, हातात शिफारशीच्या चिठ्ठीचं बंद पाकीट. बाईंना मीच मोटार मोडली असं सांगितलेलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मनाले लावून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "माणूस चुकते. म्या तुले माफ केलं."

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. मी पाकिटाकडं बघितलं आणि त्या माउलीच्या पाया पडलो.

ती चिठ्ठी इंग्रजीत होती, आणि मला इंग्रजी येत नव्हतं. आठ दिवसांनी अकोल्यात नोकरी मागायला गेलो, तिथल्या मालकानं ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"माणूस इमानदार हाये, असं लिवलं हाये तुह्या साहेबानं," तो म्हणाला. "अन् यंत्राचं काई समजत नाई, यंत्राले हात लावू देऊ नका. आमच्याकडं चौकीदाराची जागा हाये. पाहिजे काय?"

मी ती जागा घेतली. फाटकावर बसून दुसऱ्यांच्या मोटारींचे गिअर ओरडताना ऐकत राहिलो. यंत्राचं मला काही समजत नाही, ही साहेबांची थाप होती. आणि इमानदारी, ती तर मी त्यांच्या दाराशीच त्या पाकिटाच्या बदल्यात देऊन आलो होतो.